कुंचल्याने उतरवलेला ओनिजी

लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्राची प्रत कुंचल्याने करायची आहे, असे मी टोकियोतल्या सहकाऱ्यांना सांगितले, तेव्हा बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला: मग ठसेच का कोरत नाही? प्रश्न रास्त होता. काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातल्या नटांची चित्रे, ज्यांना जपानीत याकुशा-ए म्हणतात, ती एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक अशा चौघांच्या सहभागातून तयार होत, आणि आजही टोकियोत व क्योतोत त्याच पद्धतीने ठसे कोरून जुन्या चित्रांच्या नव्या प्रती काढणारे कारागीर आहेत. मला मात्र छपाई शिकायची नव्हती. दोनशे वर्षांपूर्वीच्या ओनिजी नावाच्या एका नटाचा चेहरा इतक्या थोड्या रेषांत कसा उभा राहिला, हे मला हाताने समजून घ्यायचे होते, आणि त्यासाठी ती प्रत्येक रेष स्वतः ओढण्यावाचून दुसरा मार्ग दिसत नव्हता. टोकियोतल्या निशी-कासाई या भागात राहायला आल्यापासून मी जवळच्या एका सांस्कृतिक केंद्रात जपानी चित्रपद्धतीच्या वर्गाला जात होते. तिथल्या आमच्या शिक्षिका, ज्यांना आम्ही सेन्सेई म्हणतो, प्रतिकृतीला शिक्षणाचा पाया मानतात. त्यांनी हा बेत ऐकून घेतला आणि केवळ एवढेच विचारले, की कोणता नट.

नटाचे चित्र हाताने रंगवणे ही गोष्ट या परंपरेला परकी मुळीच नाही, हे पुढे वाचताना माझ्या लक्षात आले. नटांची चित्रे काढणाऱ्या तोरी घराण्याचा आद्य चित्रकार कियोनोबु याचे वडील कियोमोतो हे ओसाकाचे नट. ते १६८७ मध्ये एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला आले आणि नाटकगृहांचे फलक रंगवू लागले. लांबून ओळखू यावेत असे जाड-बारीक होत जाणाऱ्या रेषांचे, फुगीर पोटऱ्यांचे नट त्या फलकांवर उभे राहिले, आणि तीच शैली छापील चित्रांत आली. आरंभीच्या त्या छापील चित्रांत ठसा फक्त काळ्या रेषांचा असे आणि रंग माणसे हाताने भरत. प्रथम शेंदरासारखा शिशाचा नारिंगी, पुढे करडईच्या फुलांचा गुलाबी तांबडा, आणि काळ्या भागांना चकाकी यावी म्हणून शाईत मिसळलेला सरस. सर्व रंग ठशांनीच छापायची पद्धत सुझुकी हारुनोबु या चित्रकाराच्या काळात, १७६५ च्या सुमारास स्थिरावली. कुंचला हाती घेण्याबद्दल मनात जो थोडा संकोच होता, तो ही माहिती वाचल्यावर पुष्कळसा दूर झाला.

मी निवडलेले चित्र शाराकुचे होते. तोशूसाई शाराकु या नावाने चित्रे काढणारा हा कलावंत १७९४ च्या उन्हाळ्यात एकाएकी प्रकट झाला आणि सुमारे दहा महिन्यांत दीडशेच्या आसपास चित्रे देऊन नाहीसा झाला. तो आवा प्रांताच्या सरदाराच्या पदरी असलेला साइतो जूरोबेई नावाचा, नो या जुन्या मुखवटे घालून होणाऱ्या नाट्यप्रकारातला नट असावा, हे मत आज बऱ्याच अभ्यासकांना मान्य आहे. त्याचा प्रकाशक त्सुताया जूझाबुरो हा मोठ्या धाडसाचा माणूस होता. तीनच वर्षांपूर्वी, १७९१ मध्ये, सरकारी निर्बंध मोडणारी पुस्तके काढल्याबद्दल त्याची निम्मी मालमत्ता दंड म्हणून गेली होती, आणि तरीही त्याने एका अनोळखी चित्रकाराची अठ्ठावीस मोठी मुखचित्रे, तीही अभ्रकाच्या चमकत्या काळसर पार्श्वभूमीवर, एकदम बाजारात आणली. एदोतली तिन्ही प्रमुख नाटकगृहे त्या वेळी कर्जापायी बंद होती आणि त्यांच्या जागी पर्यायी परवान्याची नाटकगृहे चालत होती. त्यांपैकी कावाराझाकी-झा या नाटकगृहात त्या वर्षीच्या पाचव्या महिन्यात लागलेल्या नाटकात ओतानी ओनिजी तिसरा हा एदोबेई नावाच्या दुष्ट सेवकाची भूमिका करत होता. मालकाचे पैसे घेऊन निघालेल्या इप्पेईवर झडप घालण्याच्या क्षणी तो जसा दिसला, तसा शाराकुने त्याला धरला: पुढे काढलेली हनुवटी, आवळलेले ओठ, वर ओढलेल्या भुवया आणि छातीशी बोटे फाकवून धरलेले दोन पंजे. जगभर शाराकु म्हटले की डोळ्यांसमोर येते ते हेच चित्र.

इतके परिचित चित्र निवडू नये, असे वर्गातल्या काहींचे म्हणणे होते. माझे मत उलट होते. जे चित्र आपण शेकडो वेळा मगावर, पंख्यांवर आणि रेल्वे स्थानकातल्या जाहिरातींत पाहिलेले असते, ते आपण पाहणेच सोडून दिलेले असते, आणि प्रत करणाऱ्याला ती मुभा राहत नाही.

पहिला खरा निर्णय होता तो नेमके काय उतरवायचे याचा. मूळ चित्र म्हणून एकच एक वस्तू अस्तित्वात नसते. त्याच ठशांवरून निघालेल्या अनेक प्रती टोकियो, न्यूयॉर्क, शिकागो अशा ठिकाणच्या संग्रहालयांत आहेत, आणि त्या एकमेकींसारख्या नाहीत. कुठे रेष झिजलेली, कुठे कागद तपकिरी पडलेला, कुठे अभ्रक गळून गेलेले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्याकडच्या अशा चित्रांची मोठी छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली आहेत, त्यामुळे घरी बसून भुवईचा एकेक केस पाहता येतो. रंगांचा प्रश्न याहून अवघड आहे. त्या काळातला एक निळा त्सुयुकुसा नावाच्या रानफुलापासून काढत, आणि तो प्रकाशाने व ओलाव्याने फार लवकर उडतो. करडईचा तांबडाही टिकाऊ नाही. या दोहोंच्या मिश्रणाने केलेला जांभळा आज अनेक चित्रांत करडा किंवा तपकिरी होऊन बसला आहे. मग एदोच्या दुकानात टांगलेले ताजे चित्र रंगवायचे, की दोन शतकांनी जसे उरले तसे? जपानी प्रतिकृतीच्या परंपरेत हे दोन वेगवेगळे प्रकार मानले जातात, आणि दुसऱ्या प्रकारात तर डाग व कीड लागलेल्या जागाही तितक्याच निष्ठेने उतरवतात. सेन्सेईंनी निर्णय माझ्यावर सोडला, पण दोन्हींचे मिश्रण करू नकोस असे बजावले. मी एकाच प्रतीचे आजचे रंग घ्यायचे ठरवले. मूळ रंग कल्पनेने भरण्यापेक्षा जे डोळ्यांना दिसते त्याच्याशी इमान राखणे मला जास्त योग्य वाटले.

कागद कागदी-तुतीच्या सालीच्या धाग्यांचा, होशो नावाचा. तो जाडसर, मऊ आणि लांब धाग्यांचा असतो, म्हणूनच एकावर एक अनेक ठसे घासले तरी फाटत नाही. कोरा असताना मात्र तो टिपकागदासारखी शाई पितो. त्यासाठी सरस आणि तुरटी कोमट पाण्यात विरघळवून ते पाणी रुंद, सपाट कुंचल्याने कागदावर फिरवतात आणि कागद आडवा ठेवून सुकवतात. तुरटी जास्त झाली तर कागद ठिसूळ होतो, सरस जास्त झाला तर पृष्ठभाग काचेसारखा होऊन रंग वरच्या वर सरकतो. पावसाळी दमट दिवसांत हे काम करायचे नाही, हा टोकियोतल्या जून महिन्याने घालून दिलेला नियम आहे. सुकलेला कागद मी एका लाकडी फळीवर कडेने चिकटवून ताणून घेतला. आकार मूळ चित्राचाच ठेवला, म्हणजे साधारण अडतीस सेंटिमीटर उंच आणि पंचवीस रुंद. चित्र मोठे करून रंगवणे सोपे गेले असते, पण आकार बदलला की रेषेची जाडी बदलते, आणि या चित्रात सगळे काही रेषेच्या जाडीवर उभे आहे.

रेखाटन उतरवण्याची जुनी रीत मला फार आवडली. मूळ चित्रावर पातळ कागद ठेवून त्याचे खालचे टोक एका गोल काठीला गुंडाळतात. डाव्या हाताने काठी वर-खाली फिरवत खालचे चित्र क्षणभर पाहायचे आणि कागद पुन्हा खाली येईपर्यंत डोळ्यांत जो ठसा उरतो, त्याच्या आधाराने रेष ओढायची. दिव्याच्या पेटीवर कागद ठेवून गिरवण्यापेक्षा हे पुष्कळ कठीण आहे, पण गिरवलेली रेष भीत-भीत पुढे जाते आणि आठवणीतून ओढलेली रेष एका दमात येते. मी चेहरा आणि हात या पद्धतीने केले, आणि कपड्यांचे पट्टे दिव्याच्या पेटीवर.

यानंतर शाईची रेष, आणि या साऱ्या खटाटोपाचा गाभा तोच होता. वरवर पाहता शाराकुची रेष कुंचल्याची आहे: ती कुठे फुगते, कुठे निमुळती होते. पण कागदावर जे छापले गेले आहे, ते कुंचल्याने ओढलेले नाही. चित्रकाराने पातळ कागदावर काढलेले रेखाटन कोरणारा चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटे चिकटवत असे आणि रेषेच्या दोन्ही बाजूंनी सुरी चालवत असे. त्यात मूळ कागद नष्ट होई. म्हणून आज आपण पाहतो ती रेष म्हणजे रेषेच्या दोन कडा आहेत, एका निष्णात माणसाने दोन वेगवेगळ्या कापांनी ठरवलेल्या. तिच्यात कोरड्या कुंचल्याचे खरखरीतपण नाही, शाई साचल्याची गडद टोके नाहीत, आरंभापासून शेवटापर्यंत काळेपणा एकसारखा आहे. कुंचल्याने हे साधायचे तर कुंचल्याला त्याच्या स्वभावाविरुद्ध वागवावे लागते. मी मेन्सो नावाचा लांब, बारीक केसांचा कुंचला वापरला. तो सरळ उभा धरायचा, मनगट स्थिर ठेवायचे आणि संपूर्ण हात खांद्यातून हलवायचा. दगडावर उगाळलेली शाई इतकी दाट हवी की एकाच फेरीत पूर्ण काळी बसेल, आणि इतकी पातळ की मध्येच अडणार नाही. या दोन अटींमधली जागा फार अरुंद आहे आणि ती दर दिवशी हवेप्रमाणे सरकते. गालापासून हनुवटीपर्यंतची एक रेष, जी चित्रात अगदी सहज वाटते, तिच्यासाठी मी वेगळ्या कागदांचा मोठा ढीग खर्च केला, आणि तो ढीग मी अजून जपून ठेवला आहे.

कानशिलाजवळचे केस हा आणखी निराळा विषय. छपाईच्या कारखान्यात चेहरा आणि केस कोरण्याचे काम सर्वांत अनुभवी कारागिराकडे असे, आणि कपडे वगैरे भाग शिकाऊ हातांकडे. केसांच्या मुळाशी एका मिलिमीटरमध्ये कित्येक रेषा मावतात, आणि कोरताना त्या रेषा म्हणजे लाकडाच्या उभ्या राहिलेल्या धारा असतात. कुंचल्याने त्या ओढणे त्यामानाने सोपे आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही ते काम करताना माझ्या मनात चित्रकारापेक्षा त्या निनावी कोरणाऱ्याचाच विचार अधिक येत असे. चित्रावर शाराकुची सही आहे, प्रकाशकाची खूण आहे, पण त्या केसांची जबाबदारी ज्याने घेतली त्याचे नाव कुठेही नाही.

ओनिजीच्या हातांविषयी बरेच लिहिले गेले आहे. शरीररचनेच्या दृष्टीने ते चुकीचे आहेत: चेहऱ्याच्या मानाने लहान, मनगटाशी नीट न जोडलेले, अंगरख्यातून थेट उगवल्यासारखे. प्रत करताना बोटे थोडी लांब करावीत, मनगटाला थोडा आधार द्यावा, असा मोह हाताला आपोआप होतो, आणि डोळ्यांच्या नकळत हात ते करूही लागतो. सेन्सेईंनी माझे रेखाटन मूळ छायाचित्रावर ठेवून एका करंगळीकडे बोट दाखवले. ती माझ्याकडे जरा जास्त बरोबर झाली होती. शाराकुच्या मापाने बोटे पुन्हा काढली, तेव्हा त्यांच्या आखूडपणाचे कारण मला दिसले असे मी म्हणेन: हात लहान असल्यामुळे सगळे वजन डोक्यात जाते, चेहरा आपल्याकडे ढकलला जातो, आणि फाकलेली बोटे पकडण्यापेक्षा थरथरण्याच्या बेतात दिसतात. हा दरोडेखोर क्रूर आहे आणि घाबरलेलाही आहे. चेहऱ्यावर एकटे डोळे हे सांगत नाहीत, हात सांगतात.

याच मालिकेत शाराकुने स्त्रीभूमिका करणारे पुरुष नटही काढले, आणि सेगावा तोमिसाबुरोसारख्याच्या चित्रात स्त्रीवेषाआडचा पुरुषी जबडा झाकला नाही. बालगंधर्वांच्या छायाचित्रांवर वाढलेल्या मराठी माणसाला हे पाहताना विशेष जाणवते. आपल्याकडच्या छायाचित्रांत नट भूमिकेत पूर्ण विरघळलेला दिसावा अशीच सर्वांची इच्छा असे. शाराकु नट आणि भूमिका दोघांनाही एकाच चेहऱ्यावर बसवतो, आणि ग्राहकांना ते बहुधा रुचले नसावे असे मानले जाते.

रंग भरताना छपाई आणि चित्रकला यांतला फरक पुन्हा समोर आला. छापताना ओल्या कागदाच्या पाठीवर बारेन नावाची बांबूच्या सालीत गुंडाळलेली चकती जोराने घासतात, त्यामुळे रंग कागदाच्या धाग्यांत दाबला जातो. कुंचल्याचा रंग वर बसतो आणि सुकताना कडेला गडद ओळ सोडतो. ही ओळ टाळण्यासाठी मी दोन कुंचले एकाच हातात धरायला शिकले, एक रंगाचा आणि एक स्वच्छ पाण्याचा, आणि प्रत्येक रंग अगदी पातळ करून अनेक थरांत चढवला. तपकिरीसाठी गेरू आणि शाई, पिवळ्यासाठी वनस्पतीचा रंग, तांबड्यासाठी थोडा करडईचा अर्क. ही करडई यामागाता भागात आजही रंगासाठी पिकवतात. सोलापूरकडे तेलासाठी तिची शेते पाहिलेली असल्यामुळे त्या लहानशा चिनी मातीच्या वाटीतला रंग मला परका वाटला नाही. चेहऱ्याला मात्र रंग नाही. ती पांढरी त्वचा म्हणजे मोकळा सोडलेला कागद आहे. शिंपल्यांच्या पुडीचा पांढरा लावून पाहावा असे वर्गातल्या एकीने सुचवले होते, पण कडेच्या तुकड्यावर लावून पाहिले तर चेहरा जड आणि मुखवट्यासारखा होऊ लागला, म्हणून तो विचार सोडला.

पार्श्वभूमीचे अभ्रक छायाचित्रात दिसतच नाही. पडद्यावर ती केवळ करडी जागा दिसते. त्यासाठी उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्रत्यक्ष प्रती पाहणे भाग होते. तिथल्या मुख्य इमारतीतल्या दहाव्या दालनात अशी छापील चित्रे मांडतात, पण प्रकाशाने रंग उडू नयेत म्हणून ती काही आठवड्यांनी बदलतात, त्यामुळे शाराकु कधी लागतो यावर लक्ष ठेवावे लागते. लागला तेव्हा मी काचेसमोर आधी डावीकडून, मग उजवीकडून आणि मग गुडघे वाकवून खालून पाहिले. डोके हलले की काळोखातून चांदीसारखा प्रकाश उठतो आणि नटाच्या मागे विझतो. नाटकगृहातून नुकत्याच घरी आलेल्या माणसाला हे चित्र हातात धरून कसे दिसले असेल, याची तिथे थोडी कल्पना आली. घरी आल्यावर आकृतीच्या आकाराचा कागद कापून तो नटावर झाकला, पार्श्वभूमीला पातळ शाईचे दोन थर दिले, आणि सरसात कालवलेली अभ्रकाची पूड रुंद कुंचल्याने एकाच दिशेने फिरवली. पूड तळाशी बसते, म्हणून प्रत्येक वेळी ढवळावे लागते, आणि थांबून विचार करायला वेळ नसतो.

काम चालू असताना मी हिगाशी-गिन्झाच्या काबुकी-झा या नाटकगृहात वरच्या मजल्यावरची एका अंकाची तिकिटे काढून अधूनमधून जात असे. एदोबेईचा प्रसंग मला तिथे पाहायला मिळाला नाही. पण लाकडी ठोकळ्यांच्या ठोक्यांवर नट सगळे अंग आवळून जागच्या जागी थिजतो आणि मान फिरवून नजर रोखतो, तो क्षण अनेकदा पाहिला, आणि त्यानंतर घरी येऊन ओढलेल्या मानेच्या रेषा नेहमी अधिक ताठ येत.

शेवटी प्रश्न राहिला सहीचा. मूळ चित्रावर शाराकुची सही, तपासनिसाचा गोल शिक्का आणि डोंगराखाली वेलीचे पान असलेली त्सुतायाची खूण आहे. ही अक्षरे चित्राच्या रचनेचाच भाग आहेत, ती वगळली तर ती बाजू रिकामी पडते, म्हणून मी ती उतरवली. मात्र मागच्या बाजूला, पुसता येणार नाही अशा शाईने, ही कुंचल्याने केलेली प्रत आहे, कोणत्या संग्रहालयातल्या प्रतीवरून केली, कोणी आणि कोणत्या वर्षी केली, हे जपानीत आणि मराठीत लिहिले. प्रत करणाऱ्या प्रत्येकाने हे करावे, असे माझे ठाम मत आहे. चित्रे माणसांपेक्षा जास्त टिकतात, आणि पुढे ती कोणाच्या हाती, कोणत्या बाजारात पडतील हे आपल्याला ठरवता येत नाही.

ज्या ओनिजीला मी इतके दिवस पाहिले, त्याने त्याच वर्षाच्या अखेरीस नाकामुरा नाकाझो हे मानाचे नाव घेतले आणि दोन वर्षांत, १७९६ मध्ये, तो वारला. त्याच्या समोर उभा असलेला इप्पेई, म्हणजे इचिकावा ओमेझो, याचेही चित्र शाराकुने काढले आहे, आणि ही दोन चित्रे जोडीने पाहायची असतात. सरस-तुरटी दिलेला दुसरा कागद सध्या फळीवर ताणून ठेवला आहे. ओमेझोचा हात तलवारीवर आहे, आणि त्याचे रेखाटन काठीच्या पद्धतीने उतरवायला मी गेल्या आठवड्यात सुरुवात केली.